टायमिंग चेन की टायमिंग बेल्ट? सेकंडहँड छोटी गाडी घेताना काय बघावं?

दुसरा_गिअर
मंडळी, सेकंडहँड छोटी गाडी घ्यायची आहे. छाननी करता करता दोन उरल्या. दोन्ही पेट्रोल, दोन्ही सात-आठ वर्षांच्या, रनिंग सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर. एकीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, दुसरीत चेन. चेनवाल्या गाडीचा मालक छातीठोकपणे सांगतो, "चेन आहे, आयुष्यभर हात लावायला नको." बेल्टवाला म्हणतो, "कव्हर काढून बघितलंय, एक चीर नाही, अजून आरामात चालेल." माझा मित्र तर म्हणतो, बेल्टवाल्या गाडीच्या वाटेलाच जाऊ नकोस.

कोणाचं ऐकू? गाडी चालवता येते, बॉनेटखालचं फारसं कळत नाही. तेव्हा जरा फोड करून सांगा.

पानाबारा
मुद्दाम खोटं कोणीच बोलत नसेल, पण दोन्ही मालकांचं अर्धंच खरं आहे. मित्राचं तेवढंही नाही.

आधी हे काम काय असतं ते बघा. पिस्टन वर-खाली होतात, त्याने क्रँकशाफ्ट फिरतो. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व उघडायचं काम कॅमशाफ्टचं. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक व्हायला हवा, तोही अचूक ठरलेल्या क्षणी. ही सांगड बेल्ट किंवा चेन घालते. ३००० आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर येतो आणि प्रत्येक व्हॉल्व २५ वेळा उघडतो. आजच्या बहुतेक इंजिनांत पूर्ण उघडलेला व्हॉल्व आणि वर आलेला पिस्टन यांची जागा एकच असते. वेळ पाळली जाते म्हणून गाठ पडत नाही, इतकंच. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, पण गिअरमध्ये असलेली गाडी क्रँकला फिरवतच राहते. उघडे राहिलेले व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात. मग हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व असलेला भाग) उतरवण्याला पर्याय नाही.

काही जुनी इंजिनं या बाबतीत सुदैवी होती. टोयोटाच्या ४ए-एफईमध्ये बेल्ट तुटला तर गाडी नुसती बंद पडायची. नवा घातला की पुन्हा चालू. पण इंधन वाचवायला कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते प्रमाण) वाढत गेलं, व्हॉल्व जास्त उघडायला लागले आणि ती चैन संपली. (चेनवाल्यांचीसुद्धा.)

आता 'चीर नाही' या दाव्याबद्दल. पूर्वीचे निओप्रीन रबराचे बेल्ट म्हातारे झाले की दातांच्या मुळाशी चिरा दिसायच्या, त्यामुळे डोळ्यांनी तपासायची सवय लागली. हल्लीचे बेल्ट एचएनबीआर नावाच्या रबराचे असतात, दातांवर नायलॉनचं कापड आणि पोटात काचतंतूंच्या दोऱ्या. ताण त्या दोऱ्या घेतात आणि दोऱ्या बाहेरून दिसत नाहीत. वरून काळाकुळकुळीत, छान दिसणारा बेल्ट आतून थकलेला असू शकतो. म्हणून तो बघून बदलायचा नसतो, तारीख आणि किलोमीटर बघून बदलायचा असतो. बऱ्याच इंजिनांना १ लाख किमी किंवा पाच ते सात वर्षं, यातलं जे आधी होईल ते, अशी मुदत असते. काही नव्या इंजिनांना जास्त आहे. तुमच्या नेमक्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल. ऐंशी हजार रनिंग ऐकून हुरळू नका, वर्षं मोजा.

चाकोरी
रुमाल टाकून ठेवतो. माझ्याही गाडीची सात वर्षं भरत आली आहेत.

तेलकट
एवढं सगळं झाल्यावरही चेनच बरी, हे म्हणायला का जड जातंय? बेल्ट स्वस्तात पडतो म्हणून कंपन्यांनी आणला. रबर ते रबर, पोलाद ते पोलाद. मी आजवर चेनवाल्याच गाड्या वापरल्या, एकदाही टायमिंगचं कव्हर उघडलेलं नाही.

जुनंपानं
स्वस्तात पडतो हे खरंय, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. दातेरी रबरी बेल्टवर कॅम फिरवणारी पहिली उत्पादनातली कार म्हणजे जर्मनीतल्या ग्लास कंपनीची १००४. साल १९६२. १९६६ मध्ये अमेरिकेत पॉन्टियॅकने ओव्हरहेड कॅमच्या सहा सिलिंडर इंजिनात तो घातला आणि त्याच वर्षी इटलीत फियाटने १२४ स्पोर्टच्या ट्विन कॅम इंजिनात. ते इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदी यांचं. कॅम क्रँकशेजारून उठून हेडवर जाऊन बसला, तेव्हा मधलं अंतर वाढलं. लांब चेन म्हणजे वजन, आवाज आणि तिच्यासाठी तेलबंद कप्पा. बेल्टला तेल लागत नाही, त्यामुळे वर प्लास्टिकचं हलकं कव्हर पुरतं.

पुढे बारीक, कमी आवाजाच्या चेन आल्या आणि गिऱ्हाइकाला 'बेल्ट बदलायचा खर्च नाही' हे सांगता यायला लागलं, तशा छोट्या गाड्या परत चेनकडे वळल्या. टोयोटाच्या ४ए नंतर झेडझेड मालिका आली. सुझुकीच्या जी मालिकेतल्या इंजिनांनंतर के मालिका, ह्युंदाईच्या एप्सिलॉननंतर कप्पा, होंडाच्या डी मालिकेनंतर एल. सगळीकडे बेल्टकडून चेनकडे प्रवास. आणि गंमत म्हणजे फोक्सवॅगन बरोबर उलटी गेली. त्यांच्या ईए१११ घराण्यातल्या १.२ आणि १.४ टीएसआय इंजिनांना चेन होती. चेन आणि ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या इतक्या तक्रारी आल्या की नंतरच्या ईए२११ मध्ये बेल्ट आला. पोलाद ते पोलाद असं असतं तर ही वेळ आली नसती.

तेलकट
एका कंपनीचं एक इंजिन फसलं म्हणून चेनच वाईट का? टोयोटाच्या चेन तीन-तीन लाख किमी चालतातच की.

नटबोल्ट
तेलकट, तुमचं म्हणणं टोयोटाबद्दल बरोबर आहे. पण चेन चांगली की वाईट हे पोलादावर फारसं ठरत नाही, कड्यांच्या मधल्या तेलावर ठरतं. सविस्तर लिहितो, कारण 'आयुष्यभर हात लावायला नको' हे इथूनच आलंय.

चेनच्या पट्ट्या ओढल्या जाऊन लांबत नाहीत. प्रत्येक कडीत पिन आणि बुश असतात, ते एकमेकांवर घासून झिजतात. सायकलची चेन जुनी झाली की पुढच्या चक्रीवरून चिमटीत धरून उचलता येते, तसंच हे. मात्र इंजिनात किती झिजली की त्रास सुरू होतो, ते पाहिलं तर थक्क व्हाल. उदाहरण म्हणून ८ मिमी पिचची (दोन पिनांमधल्या अंतराची) चेन घ्या आणि अर्धा टक्का लांबी वाढली असं धरा. म्हणजे एका कडीमागे फक्त ०.०४ मिमी, केसाच्या जाडीइतकी सुद्धा नाही. आता क्रँक आणि कॅमच्या मधली, ताण येणारी बाजू ३०० मिमी असेल, तर त्या बाजूला वाढ झाली दीड मिमी. कॅमच्या चक्रीला ४० दाते धरले तर तिचा घेर साधारण ३२० मिमी. दीड मिमी म्हणजे कॅम १.७ अंश मागे पडला, क्रँकच्या हिशेबाने ३.४ अंश. एवढ्यात व्हॉल्व पिस्टनला लागत नाहीत, पण गाडी मंदावते, पेट्रोल जास्त पिते. ज्या इंजिनांत कॅम पुढे-मागे करायची यंत्रणा आहे, तिथे कॉम्प्युटर काही काळ हा फरक भरून काढतो. त्याचे हात टेकले की चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी००१६ किंवा पी००१७ आला तर समजायचं की क्रँक आणि कॅमच्या सेन्सरचं एकमेकांशी जुळत नाहीये. कारण सेन्सर, वायर, कॅमचा ऑइल व्हॉल्व यातलंही असू शकतं, पण जुन्या गाडीत चेन आधी तपासावी.

लांबलेल्या चेनची ढिलाई टेन्शनर खातो. त्याचा दांडा तेलाच्या दाबाने बाहेर येऊन गाइडला (चेनला टेकणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीला) रेटून धरतो. दांडा टोकापर्यंत बाहेर आला की पुढची ढिलाई घ्यायला कोणी नाही. मग चेन कव्हरवर आपटते, गाइडचं प्लास्टिक तुटतं आणि शेवटी चेन दात सोडते. एक दात म्हणजे ४० दात्यांच्या चक्रीवर कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. तिथून पुढची गोष्ट बेल्ट तुटण्यापेक्षा फार वेगळी नसते.

हे लवकर होतं कुठे? जिथे ऑइल बदलायला टाळाटाळ होते तिथे. जिथे ऑइल कमी होऊनही वरून घातलं जात नाही तिथे. छोट्या इंजिनात मुळात तीन-चार लिटर मावतं, त्यातलं एक गेलं तर काय उरलं? आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी टर्बो इंजिनं दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांना वापरली जातात तिथे. त्यांच्या ऑइलमध्ये काजळी उतरते, पेट्रोल मिसळून ऑइल पातळ होतं आणि काजळी पिन-बुशच्या मध्ये पॉलिश पेपरचं काम करते.

वळणदार
नटबोल्ट यांनी लिहिलंय ते मी भोगलंय. माझ्या आधीच्या गाडीत चेन होती. सकाळी सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद खळखळ, मग चिडीचूप. वर्कशॉपला दाखवली तर गरम इंजिनावर ऐकून सांगितलं, "काही नाही, टॅपेटचा आवाज आहे." दुसऱ्यांदा नेली, तेव्हाही दुपारी, गरम इंजिनावरच ऐकली. मी म्हटलं रात्रभर इथेच ठेवा आणि सकाळी ऐका, तर जागा नाही म्हणाले. पुढे एका चढावर गाडी थरथरायला लागली, दिवा लागला, टो करून न्यावी लागली. उघडल्यावर वरच्या गाइडचे तुकडे ऑइल चेंबरमध्ये सापडले. व्हॉल्व वाचले, पण चेन, गाइड, टेन्शनर, दोन्ही चक्र्या असं सगळं बदललं. बिल बेल्टच्या कामाच्या कितीतरी पट.

गाडी घेताना आधीच्या मालकाने सर्व्हिस बुक हरवल्याचं सांगितलं होतं.

चाकोरी
बाप रे.

तेलकट
थंड इंजिनावर सेकंदभर आवाज बऱ्याच गाड्यांत येतो हो. रात्रभरात टेन्शनरमधलं तेल खाली उतरतं, दाब यायला क्षणभर लागतो. प्रत्येक खळखळीला इंजिन उघडायचं का?

नटबोल्ट
नाही उघडायचं. अर्धा-एक सेकंद आणि वर्षानुवर्षं तेवढाच असेल तर सोडून द्या. वाढत चालला असेल, दोन-तीन सेकंद टिकत असेल किंवा गरम इंजिनावरही ऐकू येत असेल तर सोडू नका. काही इंजिनांच्या कव्हरला छोटं बूच असतं, ते काढलं की टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय ते दिसतं. म्हणजे सगळं न उघडताही अंदाज येतो. काही गाड्यांत स्कॅनरवर कॅमचा फरक अंशांत वाचता येतो. मेकॅनिकला विचारा.

उघडायचीच वेळ आली तर चेन कुठे आहे यावर बरंच अवलंबून आहे. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये ती इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. त्या इंजिनाच्या चेनचा लौकिक मुळातच वाईट, त्यात जागा अशी. मेकॅनिकच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

किंचित_शंका
मधेच विचारते. तेलात चालणारा बेल्ट असाही एक प्रकार आहे ना? तो तरी दोन्हींतलं चांगलं घेऊन आलाय का?

पानाबारा
कागदावर तसंच होतं. बेल्टचा कमी आवाज, तेलामुळे कमी घर्षण, शिवाय बेल्ट अरुंद ठेवता येतो म्हणून इंजिन आखूड. फोर्डचं १.० इकोबूस्ट २०१२ मध्ये असाच बेल्ट घेऊन आलं, प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेकही तसंच. छोट्या फेऱ्यांत ऑइलमध्ये मिसळणारं पेट्रोल चेनला नुकसान करतं हे वर आलंच आहे. रबराचं त्याहून जास्त करतं. बेल्ट फुगतो, मऊ पडतो, त्याचे कण सुटतात. कण जाऊन बसतात ऑइल पंपाच्या जाळीत. मग ऑइलचा दाब पडतो आणि बेल्ट तुटायच्या आधीच टर्बो किंवा बेअरिंग जातात. प्युअरटेकमध्ये हेच कण ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपातही पोचले आणि ब्रेक जड होण्याच्या भीतीने गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पुढे युरोपात त्या इंजिनाची वॉरंटी १० वर्षं किंवा १,७५,००० किमीपर्यंत वाढवली गेली. दोन्ही कंपन्यांनी नंतरच्या आवृत्त्यांत कॅमसाठी चेन आणली. तेव्हा 'या इंजिनात चेन आहे' किंवा 'बेल्ट आहे' असं नुसत्या नावावरून ठरवू नका. एकाच नावाच्या इंजिनात वर्षागणिक फरक असतो. इंजिन कोड बघा.

प्युअरटेकचा बेल्ट तपासायची पद्धत बघण्यासारखी आहे. ऑइल भरायचं झाकण काढलं की आत बेल्ट दिसतो. तिथून एक खाच असलेली मापपट्टी त्याच्यावर बसवतात. खाचेत बसला तर ठीक, रुंदी वाढून बसेनासा झाला तर बदला. अशा इंजिनात कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच ऑइल घालायचं. नुसतं '५डब्ल्यू-३०' (ऑइलच्या घट्टपणाचा आकडा) जुळणं पुरत नाही, मॅन्युअलमधला मंजुरीचा क्रमांक डब्यावर छापलेला हवा.

दुसरा_गिअर
सगळ्यांचे आभार. दोघांनाही कागद मागितले. चेनवाल्याने सर्व्हिसच्या पावत्यांची अख्खी फाइल दिली. ऑइल दर वर्षी बदललंय, फक्त एकदा मध्ये दीड वर्षाचं अंतर पडलंय. बेल्टवाल्याकडे बेल्ट बदलल्याची पावती नाही, म्हणजे मूळचाच असणार. बाकी मला मनापासून आवडली आहे ती बेल्टवालीच. 😅 बेल्ट तेलातला नाही, कोरडा आहे, हे इंजिन कोडवरून पक्कं केलं.

पानाबारा
मग आवडलेली घ्या. फक्त बेल्टच्या कामाचा पूर्ण खर्च किमतीतून वळता करून मागा आणि घेतल्या घेतल्या पहिलं काम तेच करा. 'कव्हर काढून बघितलंय' हे वाक्य सौद्यात मोजू नका. बेल्टची जमेची बाजू हीच की एकदा बदलला की त्या दिवसापासून हिशेब तुमच्या हातात. चेनमध्ये आधीच्या मालकाचा हिशेब तुमच्या माथी असतो. तुमच्याकडे आलेली फाइल चांगली दिसते, त्यामुळे ती गाडीही वाईट नाही. पण ती बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. गेज काढून ऑइलची पातळी बघा आणि वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी छोट्या फेऱ्यांची असू शकते.

दुसरा_गिअर
बेल्टच्या कामात नक्की काय काय बदलायला सांगू? "नुसता बेल्ट बदलला तरी चालतं" असं एकाने सांगितलं.

नटबोल्ट
त्या एकाकडे काम देऊ नका. बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर पुली (बेल्टला वाट दाखवणाऱ्या मोकळ्या चक्र्या) बदलायच्याच. एक बेल्ट संपेपर्यंत बेअरिंगही तेवढंच फिरलेलं असतं. ताशी ५० किमीच्या सरासरीने, २००० आरपीएमला १ लाख किमी म्हणजे क्रँकचे २४ कोटी फेरे, आणि छोट्या पुल्या क्रँकहून फार कमी फिरत नाहीत. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही बदला, कूलंटसकट. पंप नंतर गळला तर सगळं काम पुन्हा. कॅम आणि क्रँकची सील ओलसर दिसली तर तीही, कारण कोरड्या बेल्टला ऑइल लागलं की तो भिजून खराब होतो.

शक्य असेल तर काम चालू असताना उभे राहा. नवा बेल्ट पिळून किंवा दुमडून बघायचा नाही, काचतंतू आतल्या आत मोडतात. बऱ्याच आधुनिक इंजिनांत क्रँकच्या पुलीला चावीची खाच (पुली ठरलेल्या जागीच बसवणारी) नसते, पुली नुसत्या बोल्टच्या दाबावर बसते. तिथे क्रँक आणि कॅम अडकवायची हत्यारं नसताना खडूच्या खुणांवर काम करणारा मेकॅनिक नको. ज्या बोल्टला 'एकदाच वापरायचा' असं लिहिलंय तो नवाच. आणि सगळं बसवल्यावर सेल्फ मारायच्या आधी क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, त्याच्या नेहमीच्या दिशेने. मध्ये कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. दोन फेऱ्यांनंतर खुणा परत जुळल्या तरच पुढे.

तेलकट
ठीक, बेल्टवाल्यांनो, आजचा दिवस तुमचा. पण माझी चेन चालू आहे तोवर मी कव्हर उघडणार नाही.

नटबोल्ट
उघडू नकाच. ऑइल मात्र वेळेआधी बदलत जा, म्हणजे खरंच उघडावं लागणार नाही.

किंचित_शंका
अजून एक. उतारावर गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली तर चेन दात सोडते असं ऐकलं. खरं की उगाच?

नटबोल्ट
अगदीच उगाच नाही. इंजिन बंद असताना तेलाचा दाब नसतो. टेन्शनरमध्ये मागे सरकू न देणारी खाचांची पट्टी असेल तर फारसं बिघडत नाही. नसेल, चेन आधीच सैल असेल आणि गाडी गिअरमध्ये असताना मागे रेलून क्रँकला उलटा झटका बसला, तर दात सुटू शकतो. म्हणून आधी हँडब्रेक पक्का ओढायचा, ब्रेकवरचा पाय अलगद काढून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यायची आणि मग गिअर टाकायचा. गिअर नुसता राखीव म्हणून. खळखळणाऱ्या चेनची गाडी धक्का मारून चालू करायची नाही, उलट्या गिअरमध्ये तर नाहीच. बॅटरी उतरली असेल तर जंपर केबल लावा.

चाकोरी
माझ्या गाडीचं मॅन्युअल काढलं. बेल्ट: १ लाख किमी किंवा सहा वर्षं. रनिंग बेचाळीस हजार. उद्याच फोन करतो.